चित्रावर बोट ठेवून सांगा

मागच्या अंकात मी वाचकांना एक विनंती केली होती, की व्हॅन गॉग, गोगँ, सेझान आणि स्यूरा या चौघा चित्रकारांपैकी कुणाचंही एक चित्र घ्या, निदान दहा मिनिटं त्याच्यासमोर बसा आणि तुम्हाला काय वाटलं ते लिहा, अडलं असेल तर विचारा. खूप पत्रं आली, सगळी वाचली, काही तर दोन-दोनदा. या चौघांना ज्या नावाखाली एकत्र शिकवतात ते पोस्ट-इम्प्रेशनिझम (म्हणजे इम्प्रेशनिझम या चित्रशैलीच्या नंतरचं) हे नाव त्यांनी स्वतः कधी ऐकलं नव्हतं बरं का, रॉजर फ्राय नावाच्या इंग्रज समीक्षकाने १९१० मध्ये लंडनच्या एका प्रदर्शनासाठी ते काढलं आणि तोवर चौघंही जग सोडून गेले होते. मराठीत उत्तर-दृक्प्रत्ययवाद म्हणतात. एवढं सांगून नावाचा विषय बाजूला ठेवते, कारण तुमच्या पत्रांमध्ये त्याहून मोठ्या गोष्टी आहेत.

प्रश्न : ताई नमस्कार. माझ्या मोबाइलवर दोन वर्षं झाली 'स्टारी नाइट'चा वॉलपेपर आहे. रात्रपाळी संपवून पहाटे घरी येतो तेव्हा ते चित्र बघितलं की एकदम शांत वाटायचं. पण कारखान्यातल्या एका मित्राने सांगितलं की हे वेड्यांच्या इस्पितळात काढलेलं चित्र आहे आणि ते भोवरे म्हणजे त्याच्या डोक्यातला गोंधळ. तेव्हापासून चित्र बघितलं की तेच आठवतं. मला शांत वाटायचं ते चुकीचं होतं का? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : अजिबात चुकीचं नव्हतं, आणि तुमचं पत्र मी सगळ्यात आधी घेतलंय ते मुद्दाम.

मित्राने सांगितलेली माहिती खोटी नाहीये. व्हॅन गॉग मे १८८९ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या सँ-रेमीच्या इस्पितळात स्वतःहून दाखल झाला आणि हे चित्र त्याने जूनमध्ये केलं. पण झटका आलेला असायचा तेव्हा त्याच्याने काम व्हायचंच नाही, जी चित्रं झाली ती मधल्या बऱ्या दिवसांतली आहेत, आणि त्या एका वर्षात सुमारे १५० चित्रं झाली. म्हणजे आपण बघतो ती त्याची शुद्ध आहे, आजार नव्हे. रात्री झोपायच्या खोलीत रंगवायची परवानगी नव्हती, खालच्या मजल्यावर वेगळी खोली दिली होती तिथे तो दिवसा काम करायचा. आपल्याकडे एलिमेंटरी-इंटरमिजिएटला स्मरणचित्राचा पेपर असतो ना, तसं हे बऱ्याच अंशी स्मरणचित्र आहे, खिडकीतून बघितलेलं आकाश आठवून काढलेलं. खिडकीचे गज त्यात नाहीत आणि खिडकीतून जे गाव दिसतच नव्हतं ते आहे, त्या चर्चचं टोकदार शिखर तर फ्रान्सपेक्षा त्याच्या हॉलंडकडचं वाटतं.

आता तुमच्या शांततेबद्दल. भावाला, म्हणजे थिओला, लिहिलेल्या एका पत्रात तो सांगतो की सूर्य उगवायच्या खूप आधी मी खिडकीतून सगळा मुलूख बघितला आणि आकाशात फक्त पहाटेचा तारा होता, फार मोठा दिसत होता. ती आपली शुक्राची चांदणी. चित्रात डावीकडे ते काळपट उंच सायप्रसचं झाड आहे ना, त्याच्या जरा उजवीकडे खाली एक पांढरट मोठा तारा आहे, तो शुक्र मानतात. म्हणजे तुम्ही रात्रपाळी करून ज्या वेळेला घरी येता त्याच वेळेचं आकाश या माणसाने जागं राहून बघितलंय, आणि तुम्हाला ते ओळखीचं वाटलं यात नवल नाही.

आता एक करा. शांत नेमकं कुठे वाटतं त्यावर बोट ठेवा. मला स्वतःला ते खालच्या पट्टीत वाटतं, जिथे घरं लहान लहान आडव्या-उभ्या सरळ रेघांत बसवलीयत आणि दोन-चार खिडक्यांत पिवळा उजेड आहे, वर एवढी खळबळ चाललीय आणि खाली लोक झोपलेत. तेच बोट वर नेलं की कुंचल्याचे फटकारे सगळे एका दिशेने वाहतायत हे दिसतं, नदीचं पाणी वाहतं तसं, त्यात ओढ आहे पण गोंधळ नाहीये, गोंधळात दिशा नसते. तुमच्या मित्राला तिथे घाबरायला होत असेल तर तेही खरं असू शकतं, पण त्यानेही बोट ठेवून दाखवायला हवं. इस्पितळाच्या कागदांवरून चित्राचा अर्थ लावायचा नाही एवढंच माझं म्हणणं आहे. वॉलपेपर बदलू नका.

प्रश्न : 'बटाटे खाणारे' हे चित्र एका दिवाळी अंकात बघितलं आणि मला रडूच आलं. आमच्या आजोळी चिमणीच्या उजेडात आम्ही सगळे असेच एका परातीभोवती बसायचो, भाकरी आणि काय असेल ते. मिस्टर म्हणाले की तू आठवणीनं रडलीस, चित्रानं नाही, यात कलेचा काय संबंध. मला उत्तर देता आलं नाही. – गृहिणी, तासगाव

उत्तर : वहिनी, आठवणीला जागं कुणी केलं? चित्रानेच ना. घरात चिमणीचा फोटो बघून तुम्ही रडला नसतात.

१८८५ मधलं चित्र आहे, हॉलंडमधल्या न्यूनन गावातलं, व्हॅन गॉग तेव्हा पॅरिसला गेलेलाही नव्हता आणि पिवळ्या-निळ्या रंगांचा व्हॅन गॉग अजून व्हायचा होता. काही लोक म्हणूनच याला पोस्ट-इम्प्रेशनिस्ट धरत नाहीत, ते राहू दे. पाच माणसं, एक टांगलेला दिवा, मधे बटाट्यांचं ताट, उजवीकडची म्हातारी कॉफी ओततेय आणि एक मुलगी आपल्याकडे पाठ करून बसलीय. त्या मुलीच्या पाठीमुळे आपल्याला वाटतं की आपण तिच्या मागेच उभे आहोत, जागा झाली की बसायचं. तुम्हाला आजोळ दिसलं त्याचं एक कारण ही पाठ आहे असं मला वाटतं.

दुसरं कारण हात. मोठे, हाडं वर आलेले, गाठी असलेले. त्याने थिओला लिहिलं होतं की ज्या हातांनी हे लोक ताटातलं घेतायत त्याच हातांनी त्यांनी जमीन खणलीय, हे अन्न त्यांनी प्रामाणिकपणे कमावलंय, हे दिसायला हवं. आणि रंगाबद्दल म्हणाला होता की मातीने भरलेल्या, न सोललेल्या बटाट्यासारखा रंग हवा. चेहरे आधी नेहमीच्या चामडीच्या रंगात केले होते, ते त्याने पुसून त्या मातकट रंगात पुन्हा केले. त्याच्या एका चित्रकार मित्राने चित्रातल्या शरीररचनेच्या चुका काढल्या, फार कडक शब्दांत, आणि त्यांची मैत्री तिथून तुटत गेली. चुका आहेतच, पण ते हात नीट, प्रमाणात, ग्रेड परीक्षेला मार्क मिळतील असे काढले असते तर त्यात आजोळ राहिलं नसतं.

मिस्टरांना चित्र पुन्हा दाखवा आणि फक्त हात बघायला सांगा. त्यांच्याही आईचे हात असेच असतील.

प्रश्न : मुलाकडे शिकागोला गेलो होतो, तिथल्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये एक अख्खा दिवस काढला. दोन गोष्टी मनात राहिल्यात. एक, स्यूराचं ते ठिपक्यांचं प्रचंड चित्र, नदीकाठी रविवारी लोक फिरायला आलेत ते. एवढी माणसं आणि कुणी कुणाशी बोलत नाही, मला तिथे एकटं वाटलं. दोन, व्हॅन गॉगची 'बेडरूम'. नंतर वाचलं की त्याला त्यात विश्रांती दाखवायची होती. मला तर ती खोली बघून गरगरल्यासारखं झालं, पलंग अंगावर येतोय असं. जगप्रसिद्ध चित्रांसमोर असं वाटणं म्हणजे आपली नजर कमी पडते का? – निवृत्त बँक अधिकारी, नाशिक

उत्तर : काका, तुमची नजर कमी पडली नाही, तुम्ही दोन्ही ठिकाणी अगदी बरोबर जागी थांबलात, फक्त पुढे बघायच्या आधी स्वतःला दोष दिलात.

आधी स्यूरा. 'ला ग्रांद जात बेटावरची रविवार दुपार', १८८४ ते १८८६, दोन मीटर उंच आणि तीन मीटरहून जास्त रुंद. सुरू केलं तेव्हा स्यूरा चोविशीत होता आणि एकतिसाव्या वर्षी तो गेलाही, १८९१ मध्ये. तुम्हाला जे एकटं वाटलं ते त्याने केलेलं आहे, चुकून झालेलं नाही. बघा, जवळजवळ सगळी माणसं एक तर पूर्ण बाजूने दिसतात नाहीतर पूर्ण समोरून किंवा पाठमोरी, कुणीही मधेच वळतंय, हात उडवतंय, हसतंय असं नाही. त्याच्या एका कवीमित्राने नोंदवून ठेवलंय की ग्रीक देवळावर मिरवणुकीचा जो शिल्पपट्ट आहे त्यातल्यासारखी आजची माणसं मला चालवायचीयत असं स्यूरा म्हणायचा. देवळाच्या भिंतीवरच्या मूर्ती एकमेकींशी गप्पा मारत नाहीत, तसे हे लोक. मला स्वतःला त्या चित्रात नेहमी मधोमध उभी असलेली पांढऱ्या फ्रॉकमधली छोटी मुलगी धरून ठेवते, एवढ्या गर्दीत तीच सरळ आपल्याकडे बघते, आणि जरा मागे उजवीकडे एक दुसरी मुलगी धावतेय. या दोन पोरी सोडल्या तर सगळं चित्र श्वास रोखून उभं आहे. तुम्हाला एकटं वाटलं तेव्हा बहुतेक त्या पांढऱ्या मुलीशी तुमची नजरानजर झाली असणार.

ठिपक्यांबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय म्हणून इथेच सांगते. धूपछाव रंगाची पैठणी आठवा, ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा, आणि पदर हलला की तिसराच रंग झळकतो, तो रंग कुठल्याच धाग्यात नसतो, आपल्या डोळ्यात तयार होतो. स्यूराने तेच रंगाच्या ठिपक्यांनी करायचं ठरवलं. आणि ही उपमा मी ओढूनताणून देत नाहीये, कारण त्याने ज्याचं पुस्तक अभ्यासलं तो शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ या भिंतीवरचे गालिचे विणायच्या सरकारी कारखान्यात रंगखात्याचा प्रमुख होता. काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार त्याच्याकडे आली, त्याने तपासलं तर काळ्या रंगात काहीच खोट नव्हती, शेजारी निळा-जांभळा धागा आला की काळा मरायचा. शेजारचा रंग आपल्या रंगाला बदलतो यावर त्याने १८३९ मध्ये मोठं पुस्तक लिहिलं. साड्या मॅचिंग करणाऱ्या आपल्या बायकांना ही गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही, दुकानात ब्लाउजपीस साडीवर ठेवून बघतात ते याचसाठी.

आणि अजून एक गोष्ट, जी तुमच्या त्या थंड वाटण्याला लागू असेल. स्यूराने वापरलेला एक पिवळा, झिंक यलो, काही वर्षांतच तपकिरी पडला. गवतावरच्या उन्हात जे झगझगीत ठिपके होते ते मळकट झाले, आणि याची तक्रार १८९२ मध्येच छापून आलीय. म्हणजे तुम्ही बघितलंत त्याहून ती दुपार जास्त उन्हाची होती.

रंग बदलण्यावरूनच 'बेडरूम'कडे येते. या चित्राच्या तीन आवृत्त्या आहेत, पहिली ऑक्टोबर १८८८ मधली, ती ॲमस्टरडॅमला आहे, तुम्ही बघितलीत ती दुसरी, सप्टेंबर १८८९ मधली, आणि तिसरी जरा लहान, पॅरिसच्या ओर्से म्युझियममध्ये. त्याने पत्रात लिहिलंय की भिंती फिकट जांभळ्या आहेत. आज आपल्याला त्या निळ्या दिसतात! जांभळ्यासाठी मिसळलेला लाल उडून गेला आणि निळा मागे राहिला. पिवळ्या पलंगामागे जांभळी भिंत म्हणजे रंगचक्रातले समोरासमोरचे रंग, एकमेकांना तोलून धरणारे, आणि निळी भिंत म्हणजे वेगळाच खेळ. शिकागोच्या म्युझियमने २०१६ मध्ये तिन्ही खोल्या एकत्र आणून प्रदर्शन केलं तेव्हा मूळ रंग कसे असतील तेही कॉम्प्युटरवर करून दाखवलं होतं.

गरगरण्याचं कारण मात्र रंग नाही, तिथे बोट जमिनीवर ठेवा. फरशीच्या रेषा आपल्याकडे उतरत येतात, पलंग खालच्या कडेला जवळजवळ चिकटलाय, समोरची भिंत तिरकी आहे. दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावी तो ज्या पिवळ्या घरात राहायचा तिथली ती खोली खरोखरच काटकोनात नव्हती, एक कोपरा अरुंद होता. शिवाय सावल्या त्याने मुद्दाम काढून टाकल्यात, जपानी छापचित्रांसारखे सपाट रंग हवेत म्हणून. पलंगाखाली सावली नाही म्हणजे पलंग जमिनीवर टेकलेला दिसत नाही, मग तो अंगावर येणारच. त्याला विश्रांती हवी होती हे खरं, आणि तुम्हाला गरगरलं हेही खरं. मला विचाराल तर मला ती खोली एका दमलेल्या माणसाची वाटते, त्याला झोप फार हवीय आणि ती येत नाहीये. दोन उश्या, दोन खुर्च्या, आणि माणूस एकच.

बरोबरीने एकदा त्याचंच 'नाइट कॅफे' बघा, पहिल्या 'बेडरूम'च्या महिनाभर आधीचं, आता येल विद्यापीठाकडे आहे. तिथे त्याने लाल आणि हिरवा मुद्दाम भिडवलाय, माणसातल्या भयंकर वासना त्या दोन रंगांतून दाखवायच्या होत्या असं तो स्वतः लिहितो. जमीन तिथेही अशीच आपल्याकडे घसरते. एकच हात, एक महिन्याचं अंतर, एक खोली झोपेची आणि एक झोप उडालेल्यांची, आणि जमिनी दोन्हीकडे सारख्याच तिरक्या, हे लक्षात आलं तेव्हा मी बराच वेळ दोन्ही प्रिंट शेजारी ठेवून नुसती बसले होते.

प्रश्न : मी मुंबईत आर्टच्या फाउंडेशनला आहे. सर सारखं म्हणतात सेझान म्हणजे आधुनिक कलेचा बाप. मला तर नुसती सफरचंदं दिसतात आणि टेबल पण वाकडं. मला काहीच फील होत नाही. काय बघू? – एक विद्यार्थी

उत्तर : तू 'टेबल वाकडं' असं लिहिलंस ना, तिथेच थांब, तिथूनच सुरुवात आहे.

'सफरचंदांची टोपली' हे १८९३ च्या आसपासचं चित्र घे. टेबलाची पुढची कड डावीकडून पट्टीने पुढे वाढव, कापडाखालून ती उजवीकडच्या कडेला मिळतच नाही. बाटली कललीय. ताटलीतली बिस्किटं खालची बाजूने दिसतात आणि वरची जरा वरून. इंटरमिजिएटच्या स्थिरचित्रात असं केलं असतंस तर मार्क गेले असते, कारण तिथे तू एका जागी बसून एका डोळ्याने बघतोस असं धरलेलं असतं. पण माणूस असा बघत नाही रे. आपण मान हलवतो, जरा उठतो, टोपलीत डोकावतो, परत बसतो, आणि डोक्यात त्या सगळ्या बघण्यांचं मिळून एक टेबल तयार होतं. सेझानने ते सगळं बघणं एका कॅनव्हासवर ठेवलं. त्याचं काम इतकं सावकाश चालायचं की फळं सडायची, फुलं सुकायची म्हणून तो कागदी फुलंही वापरायचा. वोलार नावाच्या चित्रविक्रेत्याने लिहून ठेवलंय की माझ्या पोर्ट्रेटसाठी मला ११५ वेळा बसवलं आणि तरी हातावरच्या दोन बारीक जागा कोऱ्याच राहिल्या, कारण तिथे अंदाजाने रंग लावला तर सगळं चित्र तिथून पुन्हा करावं लागेल असं सेझान म्हणाला. यात मला माणसाचा प्रामाणिकपणा दिसतो, जे कळलं नाही ते भरायचं नाही.

तुला फील होत नाही तर जबरदस्तीने करून घेऊ नकोस. घरी ओट्यावर चार लिंबं आणि एक तांब्या ठेव, आणि तासभर बसून काढ, दर दहा मिनिटांनी जरा सरकून बस, पण कागद तोच ठेव. मग सेझानकडे परत जा.

आणि हे तुझ्याच शहरातलं सांगते. चित्रकार रझा जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकला, १९४७ मध्ये मुंबईत चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह ग्रुप सुरू करणाऱ्यांपैकी एक. १९४८ मध्ये काश्मीरला त्याची चित्रं फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँने बघितली आणि सांगितलं की तुझ्यात गुण आहेत पण चित्रात बांधणी नाही, सेझान अभ्यास. १९५० मध्ये रझा फ्रान्सला गेला. घराच्या पायाशिवाय भिंती उभ्या राहत नाहीत तसं ते बांधणी प्रकरण आहे, आणि ती टोपली, ती बाटली, तो कापडाचा डोंगर एकमेकांना टेकून कसे उभे आहेत ते बघितलंस की तुला कळेल, एक सफरचंद बोटाने झाकून बघ, सगळं चित्र डावीकडे ओघळेल.

प्रश्न : प्रिंटवरून किंवा मोबाइलवरून मत बनवणं योग्य आहे का? आम्ही काही परदेशी जाणार नाही. – एक वाचक, परभणी

उत्तर : योग्य आहे. मोठ्या म्युझियमच्या वेबसाइटवर चित्र इतकं झूम होतं की रंगाच्या थराची कड दिसते, आणि व्हॅन गॉगची सगळी पत्रंही इंग्रजीत मोफत वाचायला आहेत. फक्त चित्राचं माप आधी बघा आणि टेप घेऊन भिंतीवर तेवढा चौकोन खडूने आखा. 'स्टारी नाइट' पाऊण मीटरसुद्धा उंच नाहीये हे भिंतीवर आखल्यावरच कळतं.

प्रश्न : मला गोगँची ताहितीची चित्रं कॉलेजपासून आवडतात, ते पिवळे, ते गुलाबी, ती स्तब्धता. पण त्याच्याबद्दल वाचलं आणि आता घरात लावलेली प्रिंट बघवत नाही. दोन मुलींची आई आहे मी. आवडणं चूक आहे का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस उत्तर लिहू शकले नाही.

जे वाचलंत ते खरं आहे. बायको आणि पाच मुलांपासून वेगळा झालेला हा माणूस १८९१ मध्ये ताहितीला गेला, ती फ्रान्सची वसाहत होती, आणि तिथे त्याने तेरा-चौदा वर्षांच्या मुलींना 'बायको' म्हणून ठेवलं. त्या काळात चालायचं असं म्हणून मी ते पुसणार नाही. रंग आवडतो हेही पुसता येत नाही, तो डोळ्याला आधी लागतो, माहिती मागून येते.

मी काय करते ते सांगते. मी चित्रातल्या मुलीच्या डोळ्यांवर बोट ठेवते. १८९२ चं एक चित्र आहे, 'मानाओ तुपापाऊ', अंधारात पलंगावर पालथी झोपलेली उघडी मुलगी, घाबरून आपल्याकडे बघतेय, मागे भुतासारखी एक काळी आकृती बसलीय. गोगँने लिहिलं की ती भुताला घाबरलीय. पण तिची नजर भुताकडे नाहीये, भूत तिच्या मागे आहे, ती बघतेय ते चित्र काढणाऱ्याकडे. पिवळी चादर, जांभळी पार्श्वभूमी, रंग विलक्षण सुंदर, आणि त्यातच ती भीती. हे एकदा दिसलं की मला ते चित्र नुसतं आवडत नाही, आणि सोडूनही देता येत नाही.

चित्रकार अमृता शेरगिलने याचं उत्तर कुंचल्याने दिलंय असं मला वाटतं. पॅरिसमध्ये शिकताना तिच्यावर गोगँचा मोठा प्रभाव होता, आणि १९३४ मध्ये, एकविशीत, तिने 'ताहितीची स्त्री म्हणून आत्मचित्र' केलं. गोगँ ज्या जागी त्या मुलींना उभं करायचा तिथे ती स्वतः उभी राहिली, कमरेपर्यंत उघडी, हात पुढे बांधलेले, नजर बाजूला, आपल्याला ती नजर देतच नाही. मागे भिंतीवर एका पुरुषाची सावली आहे. मग ती भारतात आली, अजिंठा-वेरूळ बघितलं, 'तीन मुली' या तिच्या चित्राला १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. त्या तीन मुलींचे सपाट, भरलेले रंग गोगँकडूनच आलेत, पण खाली झुकलेल्या त्या डोळ्यांमागे काय चाललंय याची काळजी तिची स्वतःची आहे.

प्रिंट काढायची असेल तर बिनदिक्कत काढा. ठेवायची असेल तर मुली मोठ्या झाल्या की त्यांना सगळं सांगा, रंगही आणि गोष्टही.

प्रश्न : लेकीला मुलगा झालाय, पुढच्या महिन्यात बारसं आहे. तिला व्हॅन गॉग फार आवडतो म्हणून एक प्रिंट फ्रेम करून द्यायचीय. पण सासरचे म्हणतात अशा दुर्दैवी माणसाचं चित्र बाळाच्या खोलीत नको. मी कात्रीत सापडलेय. – एक आजी, चिंचवड

उत्तर : आजी, आधी अभिनंदन. आणि तुमच्यासाठी चित्र तयारच आहे, कारण ते बाळासाठीच काढलेलं आहे.

३१ जानेवारी १८९० ला थिओला मुलगा झाला आणि त्याचं नाव काकाच्या नावावरून व्हिन्सेंट ठेवलं. काकाने इस्पितळात असताना फेब्रुवारीत त्याच्यासाठी 'बदामाचा बहर' रंगवलं. दक्षिण फ्रान्समध्ये थंडी सरता सरता सगळ्यात आधी बदाम फुलतो. निळं आकाश आणि त्यावर फुललेल्या फांद्या, बस, जमीन नाही, खोड नाही, क्षितिज नाही. झाडाखाली उताणं निजवलेल्या बाळाला जसं दिसेल तसं. आपण अंगणात बाजेवर पडून शेवग्याच्या फुलांकडे बघायचो ना, तसंच. फांद्यांना गडद बाह्यरेषा आहे, ती जपानी छापचित्रांकडून घेतलेली. फुलं आज पांढरी दिसतात पण मुळात जास्त गुलाबी होती, तोही लाल काळाने नेला. म्हणून सांगते, प्रिंट खिडकीच्या थेट उन्हात लावू नका, आणि फ्रेमवाल्याला कडेच्या फांद्या कापू देऊ नका, त्या चौकटीबाहेर जातायत असंच वाटलं पाहिजे.

सासरच्यांना हेही सांगा. थिओच्या बायकोने, योहानाने, दिराला कळवलं होतं की बाळ काकाच्या चित्रांकडे टक लावून बघतं, विशेषतः पलंगावर लावलेल्या त्या फुललेल्या झाडाकडे. व्हिन्सेंट त्याच वर्षी जुलैमध्ये गेला, सहा महिन्यांत थिओही, आणि योहानाने तान्हं मूल सांभाळत त्या साऱ्या चित्रांची आणि पत्रांची राखण केली, ती जगापुढे आणली. बाळ मोठं होऊन इंजिनियर झालं आणि घरातली सगळी चित्रं एकत्र राहावीत म्हणून त्यानेच खटपट केली, त्यातून १९७३ मध्ये ॲमस्टरडॅमचं व्हॅन गॉग म्युझियम उघडलं. बदामाचं झाड त्या घराने कधी विकलं नाही, ते आजही तिथेच आहे.